मधातला ठोका

ट्रम्पेटमधून गळतं ते पाणी म्हणजे थुंकी नव्हे, हे नूतन कापगतेने शाळेत रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर आकृती काढून पोरांना पटवून दिलं होतं. फुंकर गरम, पितळ गार. फुंकरीतली वाफ नळीच्या आतल्या बाजूला लागली की तिचे थेंब होतात. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा ट्रम्पेटला आतून. "म्हणून नाक मुरडायचं नाही. खालची चावी दाबायची, पाणी सोडून द्यायचं आणि पुढे वाजवायचं." पोरं "हो जी म्याडम" म्हणाली होती. मागच्या ओळीतली पोरं जरा जास्तच जोरात म्हणाली होती, हे तिला फार उशिरा आठवलं.

नूतन भौतिकशास्त्रात एमएस्सी. गोंदियाच्या कॉलेजात एनसीसीच्या बँडमध्ये ती ट्रम्पेट वाजवायची. सडक अर्जुनीच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या या शाळेत ती विज्ञान शिकवायला आली आणि मुलाखतीत छंद विचारले तेव्हा खरं बोलून बसली. तेवढ्यावर प्राचार्य केशोराव सरांनी स्टोअररूमची किल्ली तिच्या हातात ठेवली. कुणा देणगीदाराने दिलेली वाद्यं आत कधीची पडून होती.

"सव्वीस जानेवारीले तालुक्याच्या मैदानावर आपला बँड पाह्यजे," सर म्हणाले. म्हणाले म्हणजे हनुवटी वर करून, ओठ फारसे न उघडता, नाकातून बोलले. सरांच्या तोंडात खर्रा होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला हा माल या भागात चहाच्या आधी विचारला जातो. सर दिवसाचा बराचसा वेळ हनुवटी वर करूनच बोलत, कारण खाली केली असती तर सांडलं असतं. प्रार्थनेच्या वेळी पाचवीतल्या पोरांना वाटायचं, सर देवाशी बोलून राहिले.

नूतनला या सगळ्याची किळस होती आणि ती लपवणं तिला जमत नव्हतं. जिन्याच्या वळणावर भिंत कमरेपर्यंत तांबडी. खिडक्यांच्या गजांवर वाळलेले ओघळ. शिक्षकांच्या खोलीतलं बेसिन सुपारीच्या चोथ्याने तुंबलेलं, वर तपकिरी पाणी, पाण्यावर कुणाच्या तरी चहाची साय. ती त्या बेसिनकडे पाठ करून डबा खायची, आणि ज्या दिवशी मागे कुणी खाकरलं त्या दिवशी डबा तसाच घरी न्यायची. एक खोली तेवढी तिने या घाणीतून वाचवली होती. बँडची. ती खोली ती रोज स्वतः झाडायची, आणि तिच्या दारात कुणी तोंड भरून उभं राहिलं तर सरळ म्हणायची, "आधी थुंकून या. लांब जाऊन."

मार्च शिकवायचा म्हणजे आधी सूर तोडायला शिकवायचा. पोरांच्या कानात लग्नातले बँड होते. सुराला सूर चिकटवून, पाकाची तार ओढावी तशी ती वाजवत.

"पाय उचलल्याशिवाय पुढचं पाऊल पडतं का?" नूतन विचारायची.

"नाई पडत जी."

"मग सूरही उचला. वाजला, सुटला, मधे हवा. जीभ दातांच्या मागे टेकवा आणि 'त' म्हणा. त, त, त, त."

मग सगळा बँड वाद्यं खाली ठेवून मैदानाला फेरी मारायचा, डावा उजवा, त, त, त. हायवेवरचे ट्रकवाले हॉर्न वाजवून साथ द्यायचे. पुढे मुली, क्लॅरिनेट आणि बासरीवाल्या. त्यांची पुढारी अकरावीतली रविता बिसेन, जिचा तोंडपट्टा क्लॅरिनेट तोंडात असतानाच काय तो बंद. मागे ढोल, झांजा, आणि सगळ्यात शेवटी ट्रम्पेटची ओळ, सगळी अकरावी-बारावीची पोरं. मुलींनी पुढे उभं राहायचा हट्टच धरला होता. नूतनला तो उत्साह वाटला होता.

ट्रम्पेटचा म्होरक्या धनेंद्र रहांगडाले. बारावीतला, उंच, खांदे अजून शर्टात न मावणारे. त्याचा बाप झामसिंग म्हणजे पोवार समाजातला मोठा शेतकरी. धान, ट्रॅक्टर, घरासमोर गाडी. पण धनेंद्रला शेतीत राहायचं नव्हतं. पोलीस भरतीत बँडवाल्यांच्याही जागा निघतात हे नूतनने एकदा सहज सांगितलं, आणि त्या दिवसापासून पोराने ट्रम्पेट सोडला नव्हता. श्वास लांब, कान पक्का. एकदा ऐकलेली ओळ तो दुसऱ्यांदा चुकायचा नाही. सराव संपला की नूतन सगळ्यांना आलूबोंडे मागवायची. बाकीची पोरं बोंडा दोन घासांत संपवायची. धनेंद्र मात्र त्याचे बारीक बारीक तुकडे करायचा, मिरचीची चटणी बाजूला सारायचा आणि एकेक तुकडा ओठांमधून आत सरकवायचा. किती व्यवस्थित खातो हा मुलगा, असं नूतनला वाटायचं. तिला व्यवस्थित माणसं आवडत.

धून तिने स्वतः बसवली होती. दुसऱ्या भागाच्या तोंडाशी ढोल एकटा वाजतो, ट्रम्पेट गप्प. मग ढोलाच्या ठोक्यावर सगळ्यांनी एकदम यायचं. सरळ, साधं. पण मागची ओळ ठोक्यावर यायचीच नाही. ढोल पडून जायचा, आणि पुढचा पडायच्या आधी, बरोबर अर्ध्या वाटेवर, ट्रम्पेट उसळायचे. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच.

आधी ती चिडली. मग तिच्यातली शास्त्राची विद्यार्थिनी जागी झाली. तिने मोबाइलवर रेकॉर्ड केलं, घरी जाऊन आवाजाचा आलेख पडद्यावर लांब ताणून पाहिला. उशीर दर वेळी तेवढाच होता. चूक अशी नसते. चूक विखुरते, कधी इकडे कधी तिकडे. जे दर वेळी त्याच जागी पडतं त्याला काहीतरी कारण असतं. म्हणजे पोरं हे जाणून करत होती. ठोका जिथे पडतो तिथे जोर न देता दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत द्यायचा, ऐकणाऱ्याचं पाऊल क्षणभर अधांतरी ठेवायचं, याला सिंकोपेशन म्हणतात आणि ते शिकायला तिला स्वतःला अख्खं वर्ष लागलं होतं. आणि इथे धानाच्या बांध्यांतून आलेली पोरं न शिकवता ते करत होती!

तिने धून बदलली. दुसरा भाग सगळाच त्या उशिरावर बांधला. "पाय जमिनीवर असेल तेव्हा गप्प. पाय हवेत असेल तेव्हा सूर," तिने सांगितलं. पोरांनी त्याला 'मधातला', म्हणजे मधला, असं नाव दिलं. "म्याडम, मधातला घेऊ का आज?" आणि काय वाजायचा तो! शिपाईसुद्धा घंटा द्यायला विसरायचा.

धून बदलली त्या रात्री तिने गोंदियाला चेतनाला फोन केला. चेतना तिची शाळेपासूनची मैत्रीण, आता दातांची डॉक्टर. नूतनने तिला सिद्धांत सांगितला. रोवणीत, धानाची रोपं लावताना, पाय चिखलात रुततो. तो काढायला क्षणभर जास्त लागतो. बायका त्या क्षणावर गाण्याचा जोर देतात. तो उशीर पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरतो आणि ट्रम्पेटमधून बाहेर पडतो.

"लेख लिही," चेतना जांभई देत म्हणाली.

नूतनने खरोखरच लिहायला घेतला होता. केशोराव सरांनाही तिने हे सांगितलं. "पोरांच्या अंगातच आहे सर ते." सरांनी हनुवटी वर करून मान डोलावली आणि पाहुण्यांना, संस्थेच्या अध्यक्षांना, तहसीलच्या साहेबांना सांगून टाकलं की आमच्या बँडात एक चीज आहे, ऐकाच.

संक्रांतीच्या आसपास धनेंद्रच्या ट्रम्पेटची चावी अडकायला लागली. शनिवारचा अर्धा दिवस, पोरं गेलेली, मुली क्लॅरिनेट पुसत बसलेल्या. नूतनने वर्तमानपत्र पसरलं, ट्रम्पेटची सरकती नळी ओढली. निघेना. जोर लावला तेव्हा ती 'पच्' असा आवाज करून सुटली, आणि पाठोपाठ वास आला. ओला चुना, तंबाखू, आणि त्याखाली काहीतरी आंबलेलं, उन्हाळ्यात विसरलेल्या डब्यासारखं. तिने दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढली. चिंधी पांढरी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्यावर तपकिरी लगदा होता, दाट, तार सुटणारा, आणि त्यात सुपारीचे कण, दातांनी अर्धे चावलेले. एक कण तिच्या अंगठ्याला चिकटला. ऊबदार वाटला. ऊबदार असणं शक्य नव्हतं, पण वाटला.

तिने दुसरा ट्रम्पेट उघडला. तिसरा. अख्खी मागची ओळ. वर्तमानपत्राला ते पाझरून फरशीवर आलं. वाफेचं पाणी म्हणून रोज याच फरशीवर तिने हे सोडायला लावलं होतं, आणि नंतर स्वतः, हाताने, फडक्याने पुसलं होतं. कित्येकदा बोट ठेवून वाजवायचं दाखवायला तिने याच पोरांच्या हातातला ट्रम्पेट घेऊन, वरचं तोंड रुमालाने पुसून, स्वतःच्या ओठांना लावला होता.

ती खिडकीपाशी धावली आणि गजाबाहेर तोंड काढून ओकली.

रविता पाण्याची बाटली घेऊन आली. पाठीवर हात फिरवत म्हणाली, "तुमाले मालूम नोहोतं का जी?"

"तुला माहीत होतं?"

"आमाले साऱ्याईले मालूम. मनून तं आमी पुढं उभ्या राहतो. मांगं वास येते." मग अगदी सरळपणे, "आमाले वाटलं तुमी चालवून घेऊन राहिल्या. वाजते चांगलं मनून."

सोमवारी सरावाच्या आधी नूतनने दारात पांढरी प्लॅस्टिकची बादली ठेवली. "ट्रम्पेटवाल्यांनी चूळ भरायची. इथे, माझ्यासमोर." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकेक पुढे आला. बादलीत जे पडलं त्याकडे तिने मुद्दाम पाहिलं. मग म्हणाली, "आता दुसरा भाग."

ढोल एकटा वाजला. ट्रम्पेट गप्प. आणि मग सगळी ओळ धाडकन ढोलाच्या ठोक्यावर येऊन पडली. मधातला गेला होता. पुन्हा घेतलं, पुन्हा ठोक्यावरच. तिची रोवणी, तिचा चिखल, तिच्या पिढ्या, सगळं त्या बादलीत होतं.

"सांग," ती धनेंद्रला म्हणाली.

धनेंद्र बुटांकडे बघत बोलला. "गप्प राह्याच्या वक्ताले मी खर्रा ह्या गालातून त्या गालात करतो जी. तो सरकत नाई तवरक जीभ मोकळी होत नाई. जीभ मोकळी झाली का मंग 'त' निघते. अना हे सारे माह्याकडं पाहून वाजवतात."

"आणि मी म्हणाले..."

"तुमी म्हणाल्या लय भारी, असंच वाजवा." तो कसनुसा हसला. "मंग आमी असंच वाजवलं."

मागच्या ओळीत कुणीतरी फिसकलं. नूतनला सगळ्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि सगळ्यात आधी स्वतःच्या.

पण धनेंद्र हसला होता तेव्हा तिला आणखी काहीतरी दिसलं होतं. हसताना त्याचे ओठ रुंद झाले, पण जबडा खाली आलाच नाही. तिला आलूबोंड्याचे ते बारीक तुकडे आठवले. बाजूला सारलेली मिरची आठवली. ती बाहेर गेली आणि चेतनाला फोन केला. या वेळी चेतनाने जांभई दिली नाही.

"त्याला तोंड उघडायला सांग," ती म्हणाली. "स्वतःची तीन बोटं जोडून उभी आत घालू दे. आपल्या सगळ्यांची जातात. त्याची किती जातात बघ."

नूतनने आधी स्वतः करून पाहिलं. गेली. ढोलवाल्याची गेली, रविताची तर गेलीच गेली. ट्रम्पेटच्या ओळीत दोघांची ओढूनताणून गेली. धनेंद्रने पहिलं बोट घातलं, दुसरं दातांवर दाबून आत सारलं, आणि तिथेच ते अडकलं. तिसऱ्याला जागाच नव्हती. दोन बोटं दातांत धरून तो तसाच उभा राहिला, डोळे नूतनकडे. ओठांच्या कोपऱ्यातून तपकिरी लाळ मनगटावर उतरली.

"आतली कातडी ताठ होत जाते," चेतना फोनवर सांगत होती. "गालाच्या आत दोरीसारखे पट्टे येतात. आता खर्रा खाणं सोडलं तर जेवढं उघडतं तेवढं तरी राहील. नाही सोडलं तर पुढे एक बोट, मग चमचा. पुढचं आत्ता सांगत नाही. त्याला घेऊन ये माझ्याकडे."

"वाजवता येईल त्याला?"

"ओठ आहेत तोवर वाजवेल. जीभ बाहेर येते का त्याची नीट?"

येत नव्हती. दातांच्या काठापर्यंत येऊन थांबत होती. म्हणून त्याचा 'त' अलीकडे 'द'सारखा बोथट यायला लागला होता, आणि नूतन त्याला गोड समजत होती.

"भरतीच्या वक्ताले डॉक्टर तोंड पाहतात का जी?" धनेंद्रने विचारलं. बोटं पँटला पुसली होती.

"बघतात."

"मंग?"

"आजपासून सोड," नूतन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी झामसिंग प्राचार्यांच्या खोलीत येऊन बसला. पांढरा स्वच्छ शर्ट, गळ्यात गमछा, आणि गाल फुगलेला. समोर केशोराव सर, त्यांचाही गाल फुगलेला. दोघांच्या मधे टेबलावर पन्नी उघडी. नूतन आत आली तेव्हा सरांनी सवयीने ती तिच्याकडेही सरकवली, मग ओशाळून मागे घेतली.

"माह्या पोराच्या तोंडात बोटं घालाले ठेवलं का तुमाले?" झामसिंग म्हणाला. "सारी शाळा हासून राहिली त्याच्यावर."

"त्याचं तोंड उघडत नाही काका."

"जेवते ना? बोलते ना? मंग उघडते."

"त्याला हे मिळतं कुठून, तुम्हाला माहीत आहे?"

"मीच देतो," झामसिंग म्हणाला, आणि त्याच्या आवाजात लाज नव्हती, उलट जरा अभिमानच होता. "ठेल्यावर काय काय घालतात कोणाले मालूम? सडकी सुपारी, रंग. मी त्याले घरचा देतो. सुपारी मी आणतो, घोटतो मी. पोराची काळजी आमाले नाई का?"

हा माणूस खरं बोलत होता. काळजीनेच, हाताने घोटून, चुना बेताचा घालून, त्याने पोराचं तोंड शिवायला घेतलं होतं. "तुम्ही एकदा बोटं घालून बघा काका," ती म्हणाली. "तुमची स्वतःची."

"मी का बैल आहो, दात पाह्याले?" झामसिंग उठला.

तो गेल्यावर केशोराव सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे पाहा म्याडम, टेन्शन नका घेऊ. आपण साऱ्याईले सांगून बसलो. तो मधातला का काय, तो वाजला पाह्यजे. तं असं करा, सव्वीस तारखेपर्यंत खाऊ द्या पोराईले. सत्तावीसले सोडतील."

"सर!"

"वाजते ना? मंग?" आणि सर खिडकीकडे वळले, वाकले, आणि बाहेर पिचकारी सोडली. बाहेर जास्वंदीचं झाड होतं. त्याची खालची पानं कधीच हिरवी नसत.

नूतनने बादली हलवली नाही. ज्याच्या चुळीत खर्रा निघेल तो वाजवणार नाही, एवढा एकच नियम. दुसऱ्या दिवशी ट्रम्पेटची ओळ अर्धी झाली. "म्याडम, त्याच्याबिगर दम नाई टिकत," म्हणत पोरं सायकली काढून गेली. धनेंद्र राहिला. त्याची अवस्था बघवत नव्हती. डोकं ठणकायचं, घोटभर चहाही तोंडात झोंबायचा. ढोलवाल्याच्या अंगावर धावून जायचा. एकदा ट्रम्पेट आपटला आणि नंतर तो उचलून, कुठे पोचा पडला का, बोटाने चाचपत बसला.

मधातला आता खरा शिकवावा लागणार होता, पहिल्यापासून. कारण जी गोष्ट पोरं इतके दिवस वाजवत होती, ती त्यांना येतच नव्हती. नूतनने टाळ्या घेतल्या, पाय आपटवले, "पाय हवेत, सूर हवेत" हजारदा म्हटलं. पोरं ठोक्यावर पडत राहिली. शेवटी तिने धनेंद्रला सांगितलं, "गप्प जागी तू इतके दिवस काय करत होतास? तो सरकवत होतास. आता तिथे दुसरं काम कर. ढोल पडला की श्वास घे. ठोक्यावर श्वास, मधात सूर. श्वास संपेपर्यंत सूर येऊच शकत नाही."

धनेंद्रने डोळे मिटले. ढोल पडला, छाती वर आली, आणि मग 'त'. अर्ध्या वाटेवर. बोथट, पातळ, पण तिथेच.

"हा तं माहा आहे," तो म्हणाला, जरा चकित होऊन.

सव्वीसला सकाळी मैदानावर धुकं होतं. पांढऱ्या गणवेशात बँड कनातीच्या मागे उभा, आणि समोर बादली. मागचीच पांढरी बादली, पण आता तिच्या बुडाला तांबडी कड बसलेली, घासून न निघणारी. सोडून गेलेले दोघं गणवेश घालून परत आले होते. चूळ भरली, पाणी तांबडं झालं, नूतनने न बोलता त्यांच्या हातातले ट्रम्पेट काढून घेतले. केशोराव सर कनातीतून डोकावले, बादलीत बघितलं आणि कुजबुजले, "ही घाण पाहुण्याईसमोर?"

"ही आपलीच आहे सर."

सर हनुवटी वर करून मंचाकडे निघून गेले.

धनेंद्रची पाळी आली तेव्हा झामसिंग कनातीच्या फटीतून आत शिरला. पोराची कॉलर सरळ केली, केसावरून हात फिरवला, आणि छातीच्या खिशात पन्नी सारली. "घरचाच होय. थोडासा ठेव गालात. लोकं लय आहेत, दम टिकते," तो हळूच म्हणाला. नूतनला ओरडायचं होतं; ती ओरडली नाही. ओरडण्याने काय होतं ते तिने या दिवसांत पुरेसं पाहिलं होतं.

धनेंद्रने पन्नी काढली. हातात धरून त्या पन्नीकडे इतका वेळ बघितलं की ओळीतली पोरं चुळबुळायला लागली. त्याच्या नाकपुड्या हलत होत्या. वास येत असणार. मग त्याने ती न उघडता, आहे तशी, बादलीत टाकली, चूळ भरली आणि तिच्यावरच थुंकला. झामसिंगचा चेहरा असा झाला, जणू पोराने ताटातलं जेवण नालीत ओतलं.

बँड मैदानात उतरला. पहिला भाग तुटक, स्वच्छ, पाय आणि सूर एकदम. मग दुसरा. ढोल एकटा. नूतनने श्वास धरला. एक पोरगा घाबरून ठोक्यावर आला. दुसरा त्याच्याही नंतर, कुठेच नाही असा. आणि दोघांच्या मधे, एकटा, धनेंद्र: छाती वर, आणि मग 'त'. पुन्हा तिथेच. पुन्हा. बाकीची ओळ त्याच्या आजूबाजूला सांडत होती, आणि तो त्या सांडण्यात तेवढी एक जागा धरून चालला होता.

टाळ्या बेताच्याच पडल्या. मंचावर तहसीलच्या साहेबांनी केशोराव सरांना काहीतरी विचारलं, आणि सर उत्तर देऊ शकले नाहीत, कारण मंचावर थुंकायला जागा नव्हती. परतताना रविता म्हणाली, "बेकार वाजला जी आज." मग म्हणाली, "पण मांगून वास नाई आला."

कार्यक्रम संपला. लोक पांगले. नूतन वाद्यं मोजून पेट्यांत ठेवत होती, तेव्हा तिला कडुलिंबाच्या झाडाआड झामसिंग दिसला. त्याने इकडे तिकडे पाहिलं. गमछा तोंडावर धरला आणि त्याआड हात नेला. बराच वेळ गमछा हलत राहिला. मग हात बाहेर आला. झामसिंगने आपली बोटं पाहिली. एकच ओलं होतं. त्याने ते गमछ्याला पुसलं, खिशातून दुसरी पन्नी काढली आणि तळहातावर खर्रा ओतला. तोवर धनेंद्र पेटी घेऊन तिथून चालला होता. बापाने सवयीने, स्वतः घेण्याआधी, तळहात पोरापुढे केला.

धनेंद्र थांबला. मान हलवली. नाही.

तळहात तसाच पुढे राहिला, जरा जास्तच वेळ. मग झामसिंगने तो उचलून खर्रा सगळाच्या सगळा तोंडात रिचवला. जबडा पुरता उघडेना, अर्धा खर्रा हनुवटीवरून शर्टावर सांडला. तो त्याने चिमटीने वेचून पुन्हा आत घातला.

नूतनने तोंड फिरवलं. काहीतरी काम हवं म्हणून ती बादलीकडे गेली. आत पन्नी फुगून वर आली होती आणि भोवती तपकिरी फेस. तिने दोन बोटांनी कडी धरली, बादली शक्य तितकी अंगापासून लांब.

"राहू द्या जी, मी नेतो," मागून धनेंद्र म्हणाला. पेटी खाली ठेवून त्याने कडी हातात घेतली. "अर्धी तं माहीच घाण आहे त्यातली."

"मग नीट धर," नूतन म्हणाली. "सांडली तर तूच पुसशील."